एवढ्याशा मोरी माशानं ट्यूनाला चावा घेतला?

राजारामपुरीची सून:
धाकटे दीर बोटीवर असतात. त्यांनी होनोलुलूहून एका मोठ्या ट्यूनाचा फोटो पाठवलाय. डावानं उकरावं तसा अंगावर गोल खड्डा! दीर म्हणतात, हे दोन वितींच्या शार्कचं काम. आमच्याकडे रविवारी मटण, पण बुधवारी रत्नागिरीची मोरी, म्हणजे छोटा शार्क, आली की साफ मीच करते. तेवढा मासा एवढ्या मोठ्याला चावेल? आणि त्याला कोण खातं?

जुने प्राणिशास्त्रवाले सर:
ताई, दीर बरोबर सांगताहेत. हा कुकीकटर शार्क, वाढून वाढून अर्ध्या मीटरचा. ओठांनी चिकटतो, खालचे करवतीसारखे दात रुतवतो आणि अंग गरकन फिरवून मांसाचा गोळाच काढतो, साधारण ५ सेंटिमीटर रुंदीचा. देवमासे, डॉल्फिन, अगदी ग्रेट व्हाइट शार्कवरही या खुणा सापडल्यात. १९७०च्या दशकात अमेरिकी पाणबुड्यांचं रबरही यानं कुरतडलं.

मी वर्षानुवर्षं मुलांकडून फॉर्मलिनमधल्या मोरीचं विच्छेदन करून घेतलं, त्यामुळे याच्या दातांचं मला फार अप्रूप. याची खालची ओळ एकदम निघते आणि हा ती गिळून टाकतो! कॅल्शियम वाया जाऊ नये म्हणून असावं.

पण तो लचक्यांवरच जगतो असं समजू नका. हवाईजवळच्या याच शार्कवरचा २०२१चा अभ्यास सांगतो की त्याचं बरंचसं पोट खोल पाण्यातल्या लहान कोळंब्या, माकूळ (स्क्विड) आणि बारक्या माशांवर भरतं.

उद्यमनगरचा पोरगा:
सर, मग मोठ्या माशांच्या पुढ्यात जातोय कसा? लई धाडस म्हणायचं.

जुने प्राणिशास्त्रवाले सर:
दिवसा तो हजार मीटरच्याही खाली असतो, रात्री वर येतो. पोटाला हिरवट उजेड असतो, म्हणून खालून बघणाऱ्याला त्याची सावली दिसत नाही. फक्त गळ्याशी काळा पट्टा उजेडाविना राहतो. तो पट्टा लहान मासा वाटून मोठा मासा झेपावतो आणि स्वतःच सापडतो, असं १९९८ साली सागरी जीवशास्त्रज्ञ एडिथ विडर यांनी मांडलं. मला ते पटतं.

ताई, तुमचा दुसरा प्रश्न राहिला. मोठे शिकारी मासे याला खात असावेत. त्याच्याच कुळातला काईटफिन शार्क जवळपास माणसाएवढा होतो, तोही चमकतो, आणि न्यूझीलंडजवळ त्याच्या पोटात चमकणारे छोटे लँटर्न शार्क निघालेत. भाऊबंदच भाऊबंदांना खातात तिथं.

दिरांना म्हणावं, जखमेची कड दिसेल असा जवळून एक फोटो पाठवा. मला बघायचाय.