प्रति: कायदा वर्ग बघत नाही?

‘कायदा वर्ग बघत नाही’, म्हणजे मालक-कामगार त्याला सारखेच, हे म्हणणं पटलं नाही. इथली, इंदूरची हुकुमचंद मिल घ्या. कंपनी कायद्यातल्या 1985 च्या दुरुस्तीने बुडीत कंपनीतल्या कामगारांची थकलेली देणी वसुलीच्या रांगेत बँकांच्या तारणी (मालमत्ता तारण ठेवून दिलेल्या) कर्जाच्या बरोबरीला आणली. पण नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडलेल्या या मिलच्या कामगारांची सुमारे 224 कोटींची देणी सुटली थेट डिसेंबर 2023 मध्ये. बँक एवढी थांबू शकते, पगारावरचं घर नाही. इंदूरच्याच परदेशीपुऱ्यातल्या एका काकूंनी गेटपास, पीएफची पावती आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला एकाच पिशवीत जपलाय. मला जास्त सलतं ते हे, की एकत्र संप करणारी माणसं शेवटी सुटे दावेदार होतात, आपापली फाईल सांभाळत. वर्गजाणीव, म्हणजे आपण सगळे एकाच वर्गातले ही जाणीव, तिथेच झिजते. तरी कायदा निव्वळ देखावा आहे, हेही मी मानणार नाही. ती दुरुस्ती नसती तर बँकांनी आधी आपलं वसूल केलं असतं.