मदत हवी आहे: पश्चिमेच्या भिंतीसाठी कोणता वेल?

नमस्कार मंडळी. नागपूरला आमचं दुमजली घर आहे, पश्चिमेची भिंत पूर्ण उघडी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो, कूलर नुसता घरघरतो. भिंतीपासून फूटभर अंतरावर जाळी उभारून वेल चढवायचा विचार आहे. भिंतीला चिकटणारा नको, पावसाळ्यात ओल धरेल. मधुमालती इथल्या उन्हात तग धरते का? पाणी किती लागतं?

शिवाय कुंपणाजवळ करंज लावावा की कडुनिंब? करंजाला ऐन उन्हाळ्यात नवी पालवी असते म्हणून मन तिकडे झुकतंय, पण वरून विजेच्या तारा गेल्यात. (गुलमोहर सुचवू नका, वादळात फांद्या मोडतात.) विदर्भातल्या कुणी केलं असेल तर फोटोसकट सांगा.