मदत हवी आहे: मुलीला जपानमध्ये मेकॅनिकल करायचंय, इंग्रजी माध्यम घ्यावं की जपानीतून शिकावं?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. कोल्हापूर, स्टेट बोर्ड. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) आणि दोन लेथ. ती लहानपणापासून सुट्टीत तिथे येते, ड्रॉइंग वाचते, जॉब मोजते. मेकॅनिकलच करायचं हे तिचं कधीच ठरलंय. जपानचं मात्र तिने स्वतःहून मनावर घेतलं. पुण्याच्या एका बाईंकडे ऑनलाइन जपानी शिकते, जपानी भाषेच्या परीक्षेची एन५ ही सर्वांत सोपी पातळी पास झाली, डिसेंबरात त्यापुढची एन४ देणार आहे (एन१ सर्वांत अवघड). हा वयाचा हट्ट नाही, अशी माझी खात्री झालीय, म्हणूनच इथे विचारतोय.

तिने शोधून तीन वाटा काढल्यात. पहिली, इंग्रजी माध्यमाची डिग्री. सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठात मेकॅनिकल-एअरोस्पेस आहे, नागोया विद्यापीठात ऑटोमोटिव्ह, फुकुओकाच्या क्युशू विद्यापीठातही इंजिनिअरिंग आहे. वर्ग ऑक्टोबरात सुरू, चार वर्षं. दुसरी, जपान सरकारची मेक्स्ट स्कॉलरशिप. त्यात पहिलं वर्ष भाषा, मग चार वर्षं जपानी मुलांबरोबर जपानीतूनच. फी नाही, महिन्याला १,१७,००० येन मिळतात, पण जागा मोजक्या. तिसरी, तिकडे जाऊन दीड-दोन वर्षं भाषा शाळा, मग ईजेयू ही परदेशी विद्यार्थ्यांची परीक्षा देऊन जपानी माध्यमात प्रवेश.

माझं घोडं अडलंय पहिल्या वाटेवर. वर्गात इंग्रजी चालेल, ते कळलं. पण इंजिनिअर काही वर्गात तयार होत नाही. प्रयोगशाळेत, वर्कशॉपमध्ये, इंटर्नशिपला तिच्याशी कोण इंग्रजीत बोलणार? चार वर्षं होऊनही ती बाहेरचीच राहिली तर एवढा खर्च कशासाठी? आणि डिग्रीनंतर तिकडच्या कंपन्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना घेतात का?

पैशाचं सांगायचं तर कर्ज धरून वर्षाला सात-आठ लाख रुपये मी उभे करू शकतो, त्यापुढे ओढाताण होईल. इथल्या एका एजंटाने 'सगळं करून देतो' म्हणत साडेतीन लाख सांगितलेत. तेही द्यावेत का?

सीईटी ती देणारच आहे. तिच्या आईला भूकंपाची आणि एकटं राहण्याची काळजी आहे. प्रत्यक्ष तिथे शिकलेल्या किंवा काम करणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद, सेंदाईहून

काका, मी इथे मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंग्रजी माध्यमातूनच. मूळची नाशिकची. तुम्ही नेमकी खरी अडचण विचारलीत, म्हणून जरा लांबण लावते.

पहिली तीन वर्षं जपानी न येताही पार पडतात. लेक्चर, परीक्षा, प्रयोगाचे रिपोर्ट सगळं इंग्रजीत. चौथ्या वर्षी प्रत्येकाला एका प्राध्यापकांच्या केन्क्युशित्सुत, म्हणजे संशोधन प्रयोगशाळेत, जागा मिळते. तिथे स्वतःचं टेबल, दर आठवड्याला झेमी (गटचर्चेचा तास), आणि वर्षाच्या शेवटी प्रबंध. इथून पुढे जपानी न येणाऱ्याचे दिवस कठीण होतात. माझे सेन्सेई, म्हणजे प्राध्यापक, माझ्याशी इंग्रजीत बोलतात. पण काम खरं शिकवतात ते सेन्पाई, म्हणजे वरच्या वर्गातली मास्टर्सची मुलं, आणि त्यांच्या आपसातल्या गप्पांतच निम्मं शिक्षण असतं.

एक उदाहरण देते, तुम्हाला लगेच कळेल. मला विंड टनेलमध्ये मॉडेल बसवायला ब्रॅकेट हवा होता. ड्रॉइंग काढून विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये गेले. (ड्रॉइंगमध्ये वस्तूच्या बाजू मांडायची इथे थर्ड अँगल पद्धत चालते, आपल्याकडे कॉलेजात फर्स्ट अँगल शिकवतात. ही सवय तिला आताच लावा.) तिथले तंत्रज्ञ साठीच्या पुढचे, फक्त जपानी बोलणारे. त्यांनी ड्रॉइंग पाहिलं आणि विचारलं, हे भोक एच७, म्हणजे इतक्या अचूक मापाचं, कशासाठी, पिन काढायची-घालायची आहे की कायमची बसवायची? मी कारण सांगितलं. मग त्यांनी स्क्रॅपमधला एक तुकडा काढून रीमर (भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार) फिरवून दाखवला, दोन पिना हातात दिल्या आणि म्हणाले, घालून बघ. कुठली सैल, कुठली घट्ट, ते बोटांना कळलं. शेवटी अर्ध्या मापांचे टॉलरन्स (मापात चालणारा फरक) त्यांनी सैल करायला लावले. हा सगळा संवाद साध्या जपानीत झाला, एन३च्या पुढची भाषा त्यात नव्हती. माझ्याबरोबरचा एक मुलगा भाषेच्या भीतीने असली कामं बाहेरून करून आणतो. त्याचं ब्रॅकेट तयार होतं, हे शिक्षण होत नाही.

म्हणून माझं मत असं की इंग्रजी माध्यम खुशाल घ्या, पण पहिल्या सेमिस्टरपासून जपानी हा मुख्य विषय समजून करायचा. विद्यापीठ भाषेचे वर्ग देतं, पण त्यांची सक्ती फार नसते आणि बरीच मुलं सोडून देतात. एन४ घेऊन येणारी मुलगी तिसऱ्या वर्षापर्यंत एन२ला पोहोचू शकते. तुमची तर वर्कशॉपमध्ये वाढलेली आहे, तिला या लोकांशी बोलायला विषय आयता आहे.

खर्च: राष्ट्रीय विद्यापीठांची ठरलेली फी वर्षाला ५,३५,८०० येन आणि प्रवेशाच्या वेळी एकदाच २,८२,००० येन. पण परदेशी विद्यार्थ्यांकडून जास्त फी घ्यायची मुभा आता विद्यापीठांना मिळाली आहे. तोहोकुने २०२७ पासून नव्याने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ९ लाख येन जाहीर केलेत. तेव्हा ज्या वर्षी प्रवेश, त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडून आकडा बघा, जुन्या ब्लॉगवर विसंबू नका. राहणं-खाणं सेंदाईत महिन्याला ८०-९० हजार येनमध्ये बसतं, टोकियोत नाही. फी माफीचा अर्ज दर सेमिस्टरला करता येतो, अर्धी माफी मिळालेली मुलं मला माहीत आहेत. आठवड्याला २८ तास काम करायची परवानगी मिळते, पण ते तास भरायला गेलं की अभ्यासाचे तीनतेरा वाजतात. पार्ट-टाइमच्या भरवशावर हिशेब मांडू नका.

काकूंना सांगा, वसतिगृहात आठ जणांचं एक युनिट असतं. प्रत्येकाला आपली खोली, स्वयंपाकघर सामाईक. आल्या आल्या भूकंपाचा सराव करून घेतात. हादरे बसतात, ते खोटं नाही सांगणार. पण इमारती त्यासाठीच बांधलेल्या आहेत. इंजिनिअरिंगच्या वर्गात मुली फार कमी असतात, याची मात्र तिने मनाची तयारी ठेवावी.

प्रतिसाद, नागोयाहून

दादा, नोकरीबद्दल मी सांगतो. इथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शन इंजिनिअरिंगला आहे.

सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीवर निभावतं. मेकॅनिकलमध्ये नाही. आमच्याकडे डिझाइनवाला सकाळी शॉपफ्लोअरवर उभा असतो, दुपारी सप्लायरकडे, आणि अर्ज, मुलाखती सगळं जपानीत. एन२ असेल तर अर्ज वाचला जातो. असेल तर मात्र परदेशी असणं आड येत नाही. मनुष्यबळाची टंचाई खरी आहे, आणि कंपन्या विषयापेक्षा माणूस बघून घेतात, शिकवायची त्यांची तयारी असते.

एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. ऑक्टोबरात सुरू झालेली डिग्री सप्टेंबरात संपते आणि इथे बहुतेक कंपन्यांत नवीन मुलं १ एप्रिलला रुजू होतात. काही मोठ्या कंपन्या ऑक्टोबरातही घेतात, पण नोकरीची शोधाशोध तिसऱ्या वर्षीच सुरू करावी लागते. डिग्रीनंतर नोकरी शोधायला सहा महिन्यांचा व्हिसा मिळतो, तो आणखी सहा महिने वाढवता येतो. बरीच मुलं सरळ मास्टर्स करतात, इथल्या इंजिनिअरिंगमध्ये तो रिवाजच आहे.

आणि चौथी वाट का नाही धरत? बी.ई. आपल्याकडे करायचं, सोबत एन२ करायचं, मग इथे मास्टर्सला यायचं. मी तसाच आलो. तेव्हा इंग्रजीतले कोर्स पुष्कळ मिळतात, मेक्स्टही मिळू शकते, आणि तुमच्यावरचा खर्चाचा भार बराच हलका होतो. फक्त प्राध्यापकांना आधी पत्र लिहावं लागतं आणि त्यांचं काम वाचलेलं असावं लागतं.

एजंटाला एक रुपयाही देऊ नका. अर्ज विद्यार्थ्यानेच भरायचा असतो, प्रवेश झाला की व्हिसासाठी लागणारं पात्रता प्रमाणपत्र विद्यापीठच मिळवून देतं.

प्रतिसाद, पुण्याहून

मी जपानी शिकवते, मेक्स्टला बसलेली मुलं जवळून पाहिली आहेत. अर्ज दिल्लीच्या दूतावासाकडून साधारण एप्रिल-मे-जूनच्या सुमारास मागवतात. गणित, भौतिक, रसायन, इंग्रजी असे पेपर, शिवाय जपानीचाही. गणितात उत्तर काढून लिहायचं असतं, पर्यायांवर खूण करून भागत नाही. जुने पेपर मोफत मिळतात. सीईटीची तयारी असलेल्या मुलीला विषय नवे नाहीत, वेळेत सोडवायचा सराव हवा. निवड झालीच तर पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये जायचं असतं, म्हणजे मधे जवळजवळ एक वर्ष मोकळं राहतं, ते धरून चाला. तिसऱ्या वाटेबद्दल इतकंच: भाषा शाळेची फी वर्षाला सात-आठ लाख येनच्या घरात जाते आणि ईजेयूत जपानीचा पेपर जड असतो. तुमच्या बजेटमध्ये ही वाट मी शेवटी ठेवीन.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. सेंदाईच्या ताईंचं ब्रॅकेटचं वाचून मुलीने वही उघडली आणि थर्ड अँगलमध्ये आमच्या एका फ्लँजचं ड्रॉइंग काढायला बसली. एजंटाला आजच नाही म्हणून कळवलं.

तूर्त असं ठरवतोय. तोहोकु आणि नागोयाला अर्ज करायचा, सीईटी द्यायची, आणि जूनच्या आसपास मेक्स्टलाही बसायचं. फी माफी किंवा स्कॉलरशिप मिळाली तरच आता पाठवायचं. नाहीतर बी.ई. इथे आणि मास्टर्स तिकडे. ही चौथी वाट तिलाही पटलीय, फक्त मेक्स्टवर आशा जास्त आहे.

एक शंका राहिली. इंग्रजी माध्यमाचे अर्ज हिवाळ्यात बंद होतात आणि आमचा बोर्डाचा निकाल मेमध्ये. मग गुण कुठले दाखवायचे?

प्रतिसाद, सेंदाईहून

काका, मी दहावी-अकरावीच्या गुणपत्रिका, बारावीला शिकत असल्याचं कॉलेजचं पत्र आणि दोन शिक्षकांची शिफारसपत्रं लावली होती. निकाल लागल्यावर मूळ गुणपत्रिका पाठवली. शिवाय एसएटी आणि टोफेल किंवा आयईएल्टीएस लागतं का, ते प्रत्येक विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या पत्रकात बघा, दरवर्षी थोडं बदलतं. टोफेलची तारीख मात्र आजच घ्या, डिसेंबरात जागा लवकर भरतात. आणि शिफारसपत्रासाठी फिजिक्सच्या सरांना आताच गाठा, प्रॅक्टिकल सुरू झाली की त्यांना वेळ नसतो. अर्जातला निबंध तिने लिहिला की मला पाठवा, मी वाचून सांगेन.