मदत हवी आहे: मुंबई ते न्यूयॉर्क नक्की किती तास धरायचे?

नमस्कार मंडळी, आई-अण्णा जूनमध्ये ताईकडं न्यूयॉर्कला जाऊलालेत, खानापूरहून बेळगावच्या सांबरा विमानतळापर्यंत गाडी, तिथनं मुंबई, मग पुढं थेट विमान. आता अण्णांनी कॅल्क्युलेटर घेऊन माझं डोकं खाल्लंय. सरळ अंतर साधारण 12,500 किमी, विमान ताशी 900 नं गेलं तर 14 तासांच्या आत पोचायला पाहिजे, मग साईटवर 16 तास का दाखवतंय? मी म्हटलं समोरनं वारं असतंय, वर पाकिस्ताननं एप्रिल 2025 पासून आपल्या विमानांना आकाश बंद केलंय म्हणून वळसा, पण तेवढ्यानं दोन तास वाढतात काय? येताना वारं पाठीमागनं, मग किती वाचतील?

आणि रात्री दीडला निघून त्याच दिवशी सकाळी आठला उतरायचं हे आईला काय पटेना, साडेनऊ तासांचा फरक सांगून सांगून दमलो की ओ.

खरी काळजी अण्णांच्या पायांची, बसून बसून सुजतात. मुंबईत मधे किती तास ठेवू? व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगायची की काउंटरवर? कुणी घरच्या म्हाताऱ्यांना एवढ्या लांब पाठवलं असेल तर सांगा की.