फसव्या ईमेलला उत्तर देऊन भामट्यांना झुलवत ठेवावे काय?

प्रश्न
गेले तीन आठवडे एका तथाकथित वकिलाकडून मला ईमेल येत आहेत. वारस न ठेवता मरण पावलेल्या त्यांच्या अशिलाचे आडनाव माझ्या आडनावाशी जुळते, त्यामुळे त्याची बँकेतील ठेव माझ्या नावे करून घेता येईल, असे त्यांत म्हटले आहे. हा बनाव आहे हे पहिल्याच परिच्छेदात कळले. परंतु अशा लोकांना खोट्या नावाने उत्तरे देत महिनोन्महिने खेळवणारे काही जण आहेत, असे वाचल्यापासून मलाही तो मोह होतो आहे. त्याचा खरोखर काही उपयोग होतो, की आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो?

प्रतिसाद १
उपयोग होतो, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. मायक्रोसॉफ्टमधील संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ च्या एका निबंधात तो मांडला होता. लाखो ईमेल पाठवायला जवळजवळ काहीच पडत नाही. खर्च सुरू होतो तो उत्तर आल्यावर, कारण तेथून पुढे कोणाला तरी बसून पत्रव्यवहार करावा लागतो. म्हणूनच मूळ मजकूर इतका अविश्वसनीय असतो, की शंकेखोर माणसे आपोआप गळावीत आणि उत्तर देणारा भोळाच निघावा. उत्तर देणारा, पण पैसे कधीच न देणारा माणूस या गणितात त्यांना सर्वांत महागात पडतो.

प्रतिसाद २
हिशेब बरोबर आहे, पण आपल्या बाजूचा खर्च त्यात धरलेला नाही. उत्तर गेले की हा पत्ता चालू आहे आणि मागे वाचणारा माणूस आहे, हे त्यांना कळते, आणि असे पत्ते पुढे विकले जातात. (ईमेलमधील चित्र उघडले गेले, तरी त्याची नोंद पाठवणाऱ्याकडे होऊ शकते.) मी स्वतः एकदा कानाने अधू असलेल्या निवृत्त कप्तानाचे सोंग घेऊन दोन आठवडे मजेत पत्रे लिहिली. चौथ्या पत्रानंतर समोरच्याने मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारली, कारण प्रत्येक उत्तराखाली माझी नेहमीची स्वाक्षरी, दूरध्वनी क्रमांकासह, आपोआप जोडली जात होती. पुढचे कित्येक महिने फोन थांबले नाहीत.

प्रतिसाद ३
नुसता वेळ घालवण्यापेक्षा त्यांना अधिक झोंबते ते बँक खाते गमावणे. ईमेलचे पत्ते फुकट मिळतात, पण पैसे स्वीकारणारे खाते मिळवावे लागते. म्हणून या उद्योगातील जाणकार स्वतंत्र पत्ता वापरून 'शुल्क कोठे भरू?' एवढेच विचारतात आणि मिळालेला खाते क्रमांक त्या बँकेला कळवतात. अर्थात, ते खाते दुसऱ्या एखाद्या फसवल्या गेलेल्या माणसाचेही असू शकते, तेव्हा खातेदाराशी परस्पर भांडायला जाऊ नये.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोकांना डांबून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेले असावे. त्यांचे काम बहुतांशी चॅटवर चालते, हे खरे. तरीही पडद्यापलीकडे कोण बसले आहे हे आपल्याला ठाऊक नसते, त्यामुळे समोरच्याला घाणेरड्या शिव्या घालण्यात किंवा लाजिरवाणी छायाचित्रे काढायला लावण्यात मला तरी पुरुषार्थ दिसत नाही.

प्रश्नकर्त्याकडून
सर्वांचे आभार. स्वाक्षरीचा प्रसंग वाचून मी प्रथम माझी स्वाक्षरी तपासली. तीत पत्तासुद्धा होता. उत्तर देण्याचा विचार सोडला असून सर्व ईमेलची तक्रार सेवादात्याकडे केली आहे. दरम्यान आज सकाळी वकीलसाहेबांचे नवे पत्र आले. त्यात दिवंगत अशिलाचे आडनाव बदलले आहे, वारस मात्र अजून मीच आहे.