'ट्रीटी पोर्ट' : तहबंदर, करारबंदर की खुलं बंदर?

प्रश्न

एकोणिसाव्या शतकातल्या चीनवर मराठीत लिहिताना 'ट्रीटी पोर्ट' या शब्दापाशी दर वेळी अडायला होतं. पहिल्या अफूयुद्धाच्या अखेरीस झालेल्या १८४२च्या नानकिंगच्या तहाने कँटन, अमॉय, फूचौ, निंगबो आणि शांघाय अशी पाच बंदरं इंग्रजांना व्यापारासाठी मिळाली. त्यांना 'खुलं बंदर' म्हणावं, 'मुक्त बंदर' की 'करारबंदर'? आणि तिथल्या परदेशी वस्तीला 'वसाहत' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद

'मुक्त बंदर' आधी बाजूला काढू या. मुक्त बंदर म्हणजे जिथे जकात लागत नाही. हाँगकाँग तसं होतं, पण ते ब्रिटनने याच तहात कायमचं घेतलं होतं. शांघायला जकात होती. फक्त तिचा दर ठरवणं बादशहाच्या हातात उरलं नव्हतं. १८४३च्या पुरवणी तहानंतर तो साधारण ५ टक्क्यांवर बांधला गेला, आणि हे जोखड १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चीनच्या मानेवर राहिलं.

'करारबंदर'ही मला पटत नाही. करार राजीखुशीने होतो. लढाई अंगावर आल्यावर होतो तो तह. पुरंदरला शिवाजी महाराजांनी २३ किल्ले दिले, त्याला आपण 'पुरंदरचा करार' म्हणतो का? इथेही तेच झालं. इंग्रजी आरमार यांगत्से नदीत शिरलं, काठावरचं झेनजियांग शहर पडलं, नानकिंग तोफांच्या टप्प्यात आलं आणि २९ ऑगस्ट १८४२ला 'कॉर्नवॉलिस' जहाजावर सह्या झाल्या. हे जहाज आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं, १८१३चं. चीनने २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर भरायचे ठरले. त्यातले ६० लाख चिनी अधिकाऱ्यांनी जप्त करून नष्ट केलेल्या अफूचे. त्या अफूत मुंबईहून गेलेला माळव्याचा मालही होता. तरीही अफूचा व्यापार चालू राहावा की बंद व्हावा, याबद्दल तहात चकार शब्द नाही.

म्हणून माझं मत 'तहबंदर'. 'तहनामा' आपल्याकडे आहेच, त्याच धाटणीत हा बसतो.

प्रतिसाद

'तहबंदर'ला अनुमोदन. पण या तहाची चिनी संहिताही बघायला हवी, कारण शब्दांची खरी लढाई तिथे आहे. इंग्रजी मसुद्यात ब्रिटिश प्रजेने कँटन वगैरे पाच 'शहरांत आणि गावांत' राहावं असं आहे. चिनी मसुद्यात व्यापारी आणि त्यांची कुटुंबं राहणार 'गांगखोउ'त, म्हणजे बंदरावर. 'चंगयी', म्हणजे शहर, हा शब्द फक्त वकिलातीच्या अधिकाऱ्यांसाठी आला आहे. कँटनच्या लोकांनी आणि अधिकाऱ्यांनी इंग्रजांना तटाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. इंग्रज म्हणत, तहात हक्क आहे. हा वाद पंधरा वर्षं धुमसला आणि १८५७च्या डिसेंबरात इंग्रज-फ्रेंच फौजांनी शहर घेतलं तेव्हा मिटला. एका कलमातल्या दोन शब्दांवरून इतकं!

आणखी एक. त्याच कलमात चिनी मसुदा म्हणतो की बादशहा ही परवानगी 'कृपावंत होऊन' देतो. हरलेल्या दरबाराने कागदावर तरी आपला मान राखला. इंग्रजांनाही शब्द बोचत होतेच. आपल्याला 'यी' (रानटी, परके) म्हणतात हे त्यांच्या इतकं जिव्हारी लागलं होतं की १८५८च्या तिएनत्सिनच्या तहात ५१वं कलम खास त्यासाठी घातलं : सरकारी चिनी कागदात इंग्रजांसाठी हा शब्द वापरायचा नाही.

प्रतिसाद

'बंदर'बद्दल माझी शंका आहे. हानखौ समुद्रापासून शेकडो मैल आत आहे, ते नदीकाठी म्हणून ठीक. पण युन्नानमधलं मेंगत्झ? फ्रेंचांसाठी उघडलेलं हे गाव डोंगराळ मुलखात आहे. मला 'तहाची पेठ' जास्त नेमकं वाटतं.

प्रतिसाद

मेंगत्झसाठी 'पेठ' लिहा, अगदी योग्य आहे. पण बहुतेक ठिकाणं पाण्यावरचीच, आणि शांघाय म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांसमोर धक्का आणि गोदामं यायला हवीत. तिथे 'बंदर'च हवं.

आता 'वसाहत'. हाँगकाँगला तो शब्द लागू आहे, शांघायला नाही. चिनी शब्द 'त्सूच्ये' : 'त्सू' म्हणजे भाडं, 'च्ये' म्हणजे हद्द. जमीन नावापुरती बादशहाचीच राहिली, परदेशी लोक ती कायम पट्ट्याने घेत. प्रत्यक्षात पोलीस, रस्ते, कर सगळं परदेशी मंडळाच्या हाती, आणि ब्रिटिश माणसाने गुन्हा केला तर खटला त्याच्याच देशाच्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यापुढे (कॉन्सलपुढे) चालायचा. म्हणून 'पट्ट्याची हद्द' लिहावं, किंवा सरळ 'परदेशी हद्द'. शांघायला अशा दोन हद्दी होत्या. ब्रिटिश आणि अमेरिकन १८६३ मध्ये एक झाल्या, फ्रेंचांनी आपली वेगळी ठेवली.

क्रियापदालाही जपा. 'चीनने बंदरं उघडली' असं वाक्य सर्रास सापडतं. तिथे 'उघडायला लावली' लिहा. आणि ब्रिटन-अमेरिकेने जानेवारी १९४३च्या तहांनी हे हक्क सोडले, तेव्हा त्यानंतरच्या शांघायला 'तहबंदर' म्हणू नये.