गणितात बीएस्सी केलेल्यांनो, या आणि मोकळे व्हा (अनुभव धागा)

चिंचपट्टी:
आज बँकेत काउंटरवर एक मुलगा शैक्षणिक कर्जाचा फॉर्म घेऊन आला. अभ्यासक्रमाच्या रकान्यात 'टी.वाय. बीएस्सी (गणित)'. माझ्या तोंडून निघून गेलं, "काय रे, अ‍ॅनालिसिस सुटलं का?" (अ‍ॅनालिसिस म्हणजे कॅल्क्युलसचा पाया सिद्ध करत शिकवणारा विषय.) तो आधी दचकला, मग इतका हसला की मागची रांग वाकून बघायला लागली. "मॅडम, तुम्ही पण?"

मी पण. २००१ ते २००४. तालुक्याची शाळा, मराठी माध्यम, दहावीला १५० पैकी १४४, त्यामुळे आळीत मी 'गणितवाली'. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लिहिलं, 'लेट एप्सिलॉन ग्रेटर दॅन झिरो बी गिव्हन'. मी उतरवून घेतलं आणि विचार करत बसले, कोणी दिलाय? किती दिलाय? तास संपला तरी एप्सिलॉन किती ते सर सांगेनात. तोवर गणित म्हणजे शेवटी उत्तर आणि त्याखाली दोन रेघा. इथे उत्तरच नाही, नुसतं 'सिद्ध करा'. पहिल्या चाचणीत २० पैकी ३.

उजेड पडला तो दिवाळीच्या सुट्टीत, गिरणीत. दळणाच्या रांगेत उभी होते. गिरणीवाले काका प्रत्येकाला विचारत होते, भाकरीला की थालिपिठाला? गिऱ्हाईक सांगेल तसं चाकी आवळायची. आणि एकदम लख्ख झालं, अगं एप्सिलॉन गिऱ्हाईक देतं! पीठ किती बारीक हवं तो एप्सिलॉन, म्हणजे उत्तरात किती फरक चालेल ते; चाकी किती आवळायची तो डेल्टा, म्हणजे त्यासाठी एक्स किती जवळ ठेवायचा ते. कितीही बारीक मागा, काकांकडे आवळणी तयार, की झालं फंक्शन कंटिन्युअस, मध्ये कुठे उडी नसलेलं. डबा काखेत घेऊन घरापर्यंत एकटीच हसत आले.

तुमचं लिहा. रडगाणीही चालतील.

दीडशहाणा_७७:
गिरणी झकास. पण एक खुसपट काढतो. ज्वारीला वेगळी आवळणी आणि गव्हाला वेगळी लागली तरी साधं सातत्य (कंटिन्युइटी) होतं. सगळ्या धान्यांना मिळून एकच आवळणी पुरली तर युनिफॉर्म, म्हणजे एकसमान सातत्य. एक्सचा वर्ग घ्या, जितकं पुढे जाल तितका दाणा टणक, सबंध संख्यारेषेला एक डेल्टा पुरतच नाही. ० ते १०० एवढ्यातच राहिलात तर पुरतो.

चिंचपट्टी:
दीडशहाणा, आयडी सार्थ आहे हो तुमचा. हे एस.वाय.ला भेटला असतात तर माझे सात मार्क वाचले असते.

वांग्याचं_भरीत:
मी सगळं पाठ केलं. सगळं म्हणजे सगळं. झेरॉक्सवाल्याकडे आयएमपी प्रश्नांचा गठ्ठा मिळायचा त्यातली प्रत्येक प्रूफ स्वल्पविरामासकट. लाग्रांजचं प्रमेय (सांत गटातल्या घटकांच्या संख्येला उपगटातल्या संख्येने पूर्ण भाग जातो; गट म्हणजे काही नियम पाळणारी एक क्रिया असलेला संच) तर झोपेत. पेपरात नेमकं आलं पण गटाचं नाव जी ऐवजी के आणि उपगट एच ऐवजी एल. पाच मिनिटं घाम फुटला, हे आपल्याला शिकवलंच नाही म्हणून. मग वरती 'लेट के इज इक्वल टू जी' लिहिलं आणि पाठ केलेलं उतरवलं. मार्क पूर्ण मिळाले, याचं आजही वाईट वाटतं

पाटलांचा_धाकटा:
भरीत मेलो मी इथे ऑफिसात हाहाहा

गटावरून आठवलं. आमच्या सरांनी ग्रुप थिअरी सुरू करताना शाळेतले मराठी शब्द सांगितले, अविकारक (ज्याने काहीच बदलत नाही तो) आणि व्यस्त (जो केलेलं उलटवतो तो). मागच्या बाकावरून आवाज आला, सर आमच्या गावात प्रत्येकाचा व्यस्त आहे पण अविकारक कोणीच नाही, मग गट होणार का? सर म्हणाले नाही, नुसती गटबाजी होणार. (त्या साली ग्रामपंचायतीची निवडणूक होती.)

खोली_नं_१२:
१ + १/२ + १/३ + १/४ ... ही बेरीज कितीही मोठी होते हे बाईंनी दोन ओळींत दाखवलं. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त, पुढची चार मिळून परत अर्ध्याहून जास्त, पुढची आठ मिळून परत. असे अर्धे संपतच नाहीत. मला पटलं. रूममेटला पटेना. म्हणाला दहाच्या पुढे नेऊन दाखव, मेसचं रविवारचं ताट माझं तुला.
बसलो कॅल्क्युलेटर घेऊन. पाच ओलांडायला ८३ पदं. सहा ओलांडायला २२७. तिथे बोटं गेली आणि ताटही गेलं. नोकरीत कॉम्प्युटर मिळाल्यावर पहिला प्रोग्रॅम तोच लिहिला. दहा ओलांडायला १२,३६७ पदं लागतात. त्याला रात्री साडेअकराला फोन केला. बायकोने उचलला.

पाटलांचा_धाकटा:
ताट मिळालं का पण

खोली_नं_१२:
नाही. म्हणतो मेस बंद पडली.

शटर_९ते९:
मी अर्धवटवाला, चालेल ना? एफ.वाय. झालं आणि वडील गेले. दुकानात बसलो ते आजतागायत. हार्डवेअर. कॅल्क्युलसचं पुस्तक गल्ल्याखाली दोन वर्षं होतं, मग त्यावर पाण्याच्या पाइपचा सोल्युशनचा डबा सांडला.
शाळेची पोरं खिळे न्यायला येतात त्यांना देवळालीच्या कापरेकर मास्तरांची गंमत दाखवतो. कुठलाही चार आकडी नंबर सांग, सगळे आकडे सारखे नकोत. ३५२४ म्हणालं पोर. मोठ्यापासून लहान ५४३२, त्यातून उलटा २३४५ वजा, ३०८७. परत तेच, ८७३० वजा ०३७८, ८३५२. परत, ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता थांबला, कितीही कर तोच येणार. जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं. एक पोरगी रोज नवीन नंबर घेऊन येते, मला हरवायला.

चिंचपट्टी:
शटरदादा, अर्धवट कसले. त्या पोरीला खिळे फुकट द्या.

शटर_९ते९:
देतोच ताई. तिच्या बापाची उधारी आहे तरी.

सदाशिवातला_भाडेकरू:
पुण्यात असताना लॉ कॉलेज रोडजवळ दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे तिथे जाऊन बसायचो. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेलं. अमेरिकेत पर्ड्यूला शिकवणारा इतका मोठा माणूस गणितावर मराठीत बोलायचा म्हणे, हे ऐकूनच माझी इंग्रजीची भीती निम्मी गेली. निम्मी अजून आहे. आणि एमटीटीएसच्या (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) उन्हाळी शिबिराला कोणी गेलंय का? १९९३ पासूनचं आहे ते. मी २००८ ला गेलो होतो. आपण काही म्हणालो की समोरून एकच, का? उत्तर बरोबर असलं तरी, का? चौथ्या दिवशी घरी फोन करून रडलो. पुढे तिथून निघावंसं वाटेना.
नंतर एमएस्सी केलं. आता क्लास घेतो, नीटवाल्यांना फिजिक्स. विचारू नका का.

दीडशहाणा_७७:
का?

सदाशिवातला_भाडेकरू:
घरभाडे.

निशिगंध_नाशिक:
माझं बीएस्सी लग्नानंतर, इग्नूतून. दोन मुलं झोपली की अकराला ओट्यावरच वही उघडायची, कारण हॉलमध्ये सासरे टीव्ही बघत. हाताने लिहायच्या असाइनमेंट, एकावर फोडणीचे डाग पडलेले तसंच दिलं. रो रिडक्शन (मॅट्रिक्सच्या ओळी एकमेकींतून वजा करत सोप्या करणं) करताना एक वजा चिन्ह सुटलं तर चार पानं वाया, हे त्रास फक्त गणितवाल्यांना कळतील. सासूबाई विचारायच्या एवढं काय लिहितेस, हिशोब चुकतोय का? हो म्हणायचे. खरंच चुकत असायचा. निकाल लागला तेव्हा त्यांनीच पेढे वाटले, सगळ्यांना सांगत होत्या सून इंजिनिअर झाली. दुरुस्त नाही केलं.

वांग्याचं_भरीत:
निशिगंधताई सलाम

कोकमसोडा:
धागा वाचते आहे, मी बीकॉम आहे. चिंचपट्टी, ती गिरणी अजून आहे का? मला भाजणी दळून हवीये, इथले लोक आधी डाळीचं दळण काढतात आणि माझ्या भाजणीत बेसन येतं.

चिंचपट्टी:
आहे ना, मुलगा बघतो आता. आधी मूठभर तांदूळ टाकून चाकी साफ करून घे, मग भाजणी.

दीडशहाणा_७७:
आणि थोडी रवाळच ठेवा. एप्सिलॉन फार लहान घेऊ नका.

खोली_नं_१२:
त्या कर्जवाल्या मुलाचं काय झालं?

चिंचपट्टी:
उत्पन्नाचा दाखला नव्हता, सोमवारी बोलावलंय. येताना अ‍ॅनालिसिसची वही पण आण म्हटलं. मला बघायचीय.

कोकमसोडा:
तांदूळ कुठला, जुना चालेल का?